घरं, वाफे आणि मोकळी जागा: तिन्ही एकाच नकाशावर आणायची कशी

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १४ एकरांवर एक बाग होती. १९९२ च्या दंगलीनंतर ती उभी राहिली आणि सुमारे ३५० कुटुंबं आपापला तुकडा कसत होती. जमीन शहराची, घाम कुटुंबांचा, आणि कायमच्या हक्काचा कागद कुणाकडेच नाही. २००३ मध्ये शहराने ती जमीन आधीच्या मालकाला परत विकली. २००६ मध्ये पोलिसांनी बाग कसणाऱ्यांना बाहेर काढलं आणि वर्षानुवर्षं खतावलेल्या मातीवरून बुलडोझर फिरला.

न्यू यॉर्कच्या एलिझाबेथ स्ट्रीट गार्डनची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोचरी. त्या जागेवर वृद्धांसाठी १२३ परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव होता. एका बाजूला बाग जपणारे, दुसऱ्या बाजूला घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभे असलेले. दहा वर्षांहून जास्त काळ वाद चालला आणि २०२५ मध्ये पालिकेने घरांचा प्रस्ताव मागे घेतला. दोन्ही बाजूंची गरज खरी होती, म्हणूनच ते भांडण मनाला लागतं.

या दोन्ही भांडणांचं मूळ मला एकच दिसतं. घरं एका खात्याने आखली, मोकळी जागा दुसऱ्याने, आणि बाग उरलेल्या कोपऱ्यात कुणीतरी हौसेने लावली. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच मालकी हक्काखाली आखल्या तर त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. पुढचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

पहिलं पाऊल: बियाण्याआधी कागद

बागेचा उत्साह असा असतो की पहिल्याच रविवारी माणसं कुदळ-फावडी घेऊन हजर होतात. त्यांना थांबवणं जिवावर येतं, तरी थांबवा. जमीन कुणाच्या नावावर आहे, तुम्हाला ती किती वर्षं वापरता येईल आणि मालकाचा विचार बदलला तर काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हातात येईपर्यंत कायमचं काही लावू नका. वर्षभराच्या तोंडी परवानगीवर हंगामी पालेभाजी घ्या. फळझाडं नकोत.

घरं आणि बाग एकत्र टिकवायची असतील तर मला सगळ्यात भरवशाची वाटणारी व्यवस्था म्हणजे कम्युनिटी लँड ट्रस्ट. जमीन एका सार्वजनिक न्यासाची राहते आणि ती कधीच विकली जात नाही. तिच्यावरचं घर मात्र कुटुंबाचं असतं. कुटुंबाला जमिनीचा दीर्घ भाडेपट्टा मिळतो, बहुतेक ठिकाणी ९९ वर्षांचा, आणि तो वारसांकडे जातो. जमिनीची किंमत घराच्या किमतीतून वगळली जात असल्याने घर आवाक्यात येतं.

या कल्पनेचं एक मूळ मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. १९५१ मध्ये विनोबांची भूदान चळवळ सुरू झाली आणि तिच्यातून ग्रामदान पुढे आलं: जमीन एकेकट्याची नको, गावाची हवी. अमेरिकेत जमीन-सुधारणेसाठी झटणारे रॉबर्ट स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार जवळून अभ्यासला होता. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात चार्ल्स शेरॉड आणि इतर नागरी हक्क कार्यकर्त्यांसोबत 'न्यू कम्युनिटीज' हा पहिला लँड ट्रस्ट उभा राहिला, तो जमिनीवरून हुसकावल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी.

शहरी वस्तीत हे कसं चालतं ते बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात पाहायला मिळतं. तिथे १९८० च्या दशकात सुमारे १३०० भूखंड ओस पडले होते, काहींवर चक्क बाहेरचा कचरा येऊन पडत होता. १९८४ मध्ये रहिवाशांनी संघटना बांधली. १९८८ मध्ये तिला ओसाड खासगी भूखंड सक्तीने संपादित करायचा अधिकार मिळाला. एका रहिवासी संघटनेच्या हाती असा अधिकार येणं ही फार मोठी गोष्ट होती. संघटनेने उभ्या केलेल्या न्यासाच्या जमिनीवर पुढे २०० हून अधिक परवडणारी घरं आली, आणि त्यांच्या जोडीला बागा, खेळाची मैदानं आणि जुन्या गॅरेजच्या जागी सुमारे १०,००० चौरस फुटांचं हरितगृहही आलं. घरं आणि बागा एकमेकांचे शत्रू नाहीत याचा यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही.

घराची किंमत परवडणारी *राहील* याचंही सूत्र भाडेपट्ट्यातच लिहावं लागतं. समजा एका कुटुंबाने घर १०० एककांना घेतलं. काही वर्षांनी बाजारभावाने त्याचं मूल्य १६० झालं. वाढ ६० ची. विकणाऱ्याला वाढीतला २५ टक्के वाटा द्यायचा असं सूत्र असेल, तर त्याला १०० अधिक १५, म्हणजे ११५ मिळतील आणि पुढच्या कुटुंबाला घर ११५ लाच मिळेल. विकणारा रिकाम्या हाताने जात नाही आणि नव्याला दार बंद होत नाही. टक्केवारी किती ठेवायची यावर तुमच्या सभेत भरपूर वाद होऊ द्या, पण पहिलं घर दिलं जाण्याआधी.

हे सूत्र बागेसाठीच जास्त गरजेचं आहे, कारण चांगली बाग आसपासच्या जागांचे भाव वाढवते. न्यू यॉर्कमधल्या सामुदायिक बागांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्पष्ट दिसलं, आणि सर्वाधिक परिणाम गरीब वस्त्यांत दिसला. ज्यांनी वाफे खणले त्यांनाच वाढत्या भाड्यामुळे वस्ती सोडावी लागली, तर त्या बागेचा त्यांना काय उपयोग?

आता पट्ट्यात बागेचं स्वतंत्र परिशिष्ट जोडा. त्यात बागेचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, पाण्याच्या जोडणीचा हक्क, तिच्या उन्हाच्या बाजूला नवं बांधकाम न करण्याची अट आणि बागेचा वापर बदलायचा तर रहिवाशांच्या तीन चतुर्थांश मतांची गरज, इतकं हवंच. ही अट नसेल तर दहा वर्षांनी गाड्या लावायला जागा कमी पडते आणि पहिला बळी बागेचा जातो.

दुसरं पाऊल: सभेला न येणाऱ्यांना विचारा

सभेला येतात त्यांना वेळ असतो. रात्रपाळी करणारे, तान्ह्या मुलांच्या आया, पाय धरलेले म्हातारे, भाडेकरू म्हणून स्वतःला बाहेरचे समजणारे येत नाहीत. दोघादोघांनी दारोदार जा आणि तीनच प्रश्न विचारा: वाफा हवा का, बसायला जागा हवी का, मुलं कुठे खेळावीत असं वाटतं. उत्तरं नकाशावर टिंबांनी मांडा. बहुतेक वेळा वाफा मागणाऱ्यांपेक्षा नुसतं बसायला सावली मागणारे जास्त निघतात, आणि ते आराखडा काढण्याआधी कळलेलं बरं.

तिसरं पाऊल: आधी ऊन मोजा, मग इमारत उभी करा

बाग मारणारी सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. माती बदलता येते, पाणी आणता येतं, पण पाच मजली भिंत हलवता येत नाही.

टोमॅटो, मिरची, वांगी अशा फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ३-४ तासांवर निभावून नेतात. सावली किती लांब पडेल याचं गणित सोपं आहे. सर्वात लहान दिवशी दुपारच्या सूर्याची उंची म्हणजे ९० अंशांतून तुमचा अक्षांश वजा करायचा आणि आणखी साडेतेवीस वजा करायचे. ४० अंश अक्षांशावर हे २६.५ अंश येतं आणि सावली उंचीच्या दुप्पट पडते: १२ मीटरची इमारत २४ मीटर सावली टाकते. २० अंश अक्षांशावर तीच इमारत जेमतेम ११-१२ मीटर सावली टाकते. त्यामुळे दुसऱ्या देशातला सुंदर आराखडा जसाच्या तसा उचलू नका.

आकडे कागदावर ठेवून मैदानात उतरा. इमारतीचा कोपरा येणार असेल तिथे एक माणूस उंच बांबू धरून उभा करा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता बांबूच्या सावलीचं टोक जिथे येईल तिथे चुन्याची फक्की टाका. बांबू ३ मीटरचा आणि इमारत १२ मीटरची असेल तर अंतर चौपट धरा. संध्याकाळपर्यंत जमिनीवर पांढऱ्या खुणांचा पंखा उमटतो. वास्तुविशारदाला त्या पंख्याच्या मध्ये उभं करून बोला. मी हे पाहिलं आहे: तासभराच्या सादरीकरणाने जे पटलं नव्हतं ते त्या फक्कीने दहा मिनिटांत पटलं आणि अख्खा जिना दुसऱ्या बाजूला गेला.

उत्तर गोलार्धात दुपारची सावली सहसा उत्तरेकडे पडते, म्हणून इमारती भूखंडाच्या उत्तर बाजूला सरकवा आणि वाफे दक्षिणेला ठेवा. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. इमारतीच्या सावलीचा पट्टा वाया जात नाही. बसण्याची जागा, सायकली, खताचे हौद आणि अवजारांची खोली तिथे जाते. मुलांची खेळायची जागा या दोन्हींच्या मध्ये, स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून दिसेल अशी. वाफ्यात वाकलेली माणसंही आपोआप मुलांवर लक्ष ठेवतात.

घरं दाटीने आणि तरी मोकळं, हे जमतं का असा प्रश्न हमखास येतो. व्हिएन्नातलं कार्ल मार्क्स हॉफ पाहा. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या या नगरपालिकेच्या वसाहतीत १,३८२ घरं होती आणि बांधकामाखाली जमिनीचा पाचवा हिस्साही गेला नव्हता. बाकी सगळी अंगणं, बागा आणि खेळाच्या जागा. इमारत पसरवायची की गोळा करायची, एवढाच तो निर्णय.

चौथं पाऊल: मातीची चौकशी

शहरातल्या रिकाम्या भूखंडाला भूतकाळ असतो. तिथे गॅरेज होतं का, छापखाना होता का, जुनं घर पाडून मलबा तिथेच पुरला का, हे आसपासच्या जुन्या माणसांना विचारा. मुख्य भीती शिशाची. जुन्या रंगातून आणि एकेकाळच्या शिसंयुक्त पेट्रोलच्या धुरातून ते मातीत उतरतं, विरघळून निघून जात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं.

नमुना असा घ्या: १० ते १५ ठिकाणांहून वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती, स्वच्छ बादलीत कालवून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवा. जुन्या भिंतीलगतचा आणि रस्त्याकडेचा नमुना वेगळा ठेवा, कारण तिथे शिसं जास्त असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी मातीतल्या शिशासाठी तपासणीची पातळी २०२४ च्या जानेवारीत दर दशलक्ष ४०० भागांवरून २०० वर आणली. आकडा त्याच्या वर आला तर जमिनीत पेरू नका. पाणी झिरपेल असं जाड कापड अंथरा आणि त्यावर ३० ते ४५ सेंटिमीटर स्वच्छ मातीचे उंच वाफे बांधा. वाफ्याच्या कडांना रेल्वेचे जुने स्लीपर लावायचा मोह आवरा. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी तेल, मुरलेलं असतं.

बांधकामाच्या काळात बागेच्या जागेला पहिल्या दिवसापासून कुंपण घाला. ठेकेदाराला ती सळया आणि खडीसाठी आयती जागा वाटते. काँक्रीटच्या गाड्यांनी चेपलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला कैक वर्षं लागतात. ही अट निविदेत, दंडासकट लिहा.

गच्चीवर बाग करायची असेल तर निर्णय पाया भरण्याआधी. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला १६०० ते २००० किलो. म्हणजे ३० सेंटिमीटर थर प्रत्येक चौरस मीटरवर ४८० ते ६०० किलो टाकतो. साध्या गच्चीची ताकद एवढी नसते. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या व्हिया व्हर्दे या २२२ घरांच्या वसाहतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या गच्च्यांवर बागा आहेत. २०१२ मध्ये ती पूर्ण झाली, आणि बागा मूळ आराखड्यातच होत्या म्हणून तिथे त्या जमल्या.

पाचवं पाऊल: पाणी

आमच्या गटाने पहिल्या वर्षी वाफे आखले, नावाच्या पाट्या रंगवल्या आणि नळ विसरला. सगळ्यात जवळचा नळ तळमजल्यावरच्या एका घराच्या दारात, ८० मीटरवर. दोन महिने ते घर झारी भरणाऱ्यांना हसतमुखाने सामोरं गेलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली आणि चूक त्यांची मुळीच नव्हती. वर्ष संपेपर्यंत नळाजवळचे वाफे हिरवे होते आणि लांबचे ओसाड. मेहनत कुणाची कमी पडली नव्हती, नळ लांब पडला होता.

म्हणून प्रत्येक वाफा नळापासून २० मीटरच्या आत हवा आणि बागेला स्वतंत्र मीटर हवा. गरजेचं मोजमाप असं: कोरड्या आठवड्यात भाजीच्या वाफ्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. १०० चौरस मीटर वाफ्यांना आठवड्याला २,५०० लिटर. छतावर पडणारा १ मिलिमीटर पाऊस प्रत्येक चौरस मीटरमागे १ लिटर देतो. ४०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटर पडतं, त्यातलं ८,००० टाकीत आलं तरी तीन आठवडे निघतात. टाकी झाकलेली आणि जाळीबंद ठेवा, नाहीतर डास होतात. वाफ्यांवर पालापाचोळ्याचं ५ सेंटिमीटर आच्छादन घातलं की पाण्याची ओरड बरीच कमी होते.

सहावं पाऊल: वाफ्यांची मापं

ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याच्या काळापासून रुळलेला अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, तुकडा सुमारे २५० चौरस मीटर. कुटुंबाची वर्षाची भाजी पिकवायला तो ठीक, पण दाट वसाहतीत अशाने बागेची सगळी जागा चारच कुटुंबांत संपेल. सिंगापूरमध्ये उद्यानांत भाड्याने मिळणारा वाफा २.५ मीटर बाय १ मीटरचा असतो आणि मुदत तीन वर्षांची. लहान वाटतो, पण सुरुवात करणाऱ्याला तो झेपतो, आणि झेपलेला वाफा ओस पडत नाही. माझा कल लहान वाफ्यांकडे आहे: जास्त घरांना हात लावू द्या, मागणी कमी झाली तर शेजारचे दोन जोडता येतात.

वाफ्याची रुंदी १.२ मीटरच्या पुढे नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर माती तुडवली जाते. मुख्य वाट १.२ ते १.५ मीटर, म्हणजे हातगाडी आणि चाकाची खुर्ची दोन्ही जातील. मधल्या वाटा ६० सेंटिमीटर. दहातला एक वाफा ६० ते ७५ सेंटिमीटर उंच बांधा, दाराच्या सर्वात जवळ. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आणि वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांना तो लागतो.

सगळी जमीन घरोघरी वाटून टाकू नका. चौथा हिस्सा सामायिक ठेवा: फळझाडं, औषधी वनस्पती, मुलांचा वाफा, आणि ज्यांना स्वतःचा वाफा नको पण तासभर हात मातीत घालायचा आहे त्यांच्यासाठी जागा. बाग आणि मोकळी जागा यांच्यामध्ये उंच भिंत नको. कमरेएवढं कुंपण पुरतं. वाफा नसलेल्यालाही बाग आपली वाटली पाहिजे, कारण पट्ट्यातल्या त्या तीन चतुर्थांश मतांत त्याचं मत असणार आहे.

सातवं पाऊल: नियम, पण एका पानात

वाफे चिठ्ठी टाकून वाटा आणि प्रतीक्षायादी दारावर लावा. वाफ्याचं शुल्क घराच्या उत्पन्नानुसार असू द्या आणि ज्याला तेही जड जातं त्याला महिन्याला दोन तासांच्या सामायिक कामाची मुभा. चार आठवडे वाफा पडून असेल तर आधी घरी जाऊन विचारपूस करा. बऱ्याचदा कुणी आजारी असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. अशा वेळी शेजारच्या वाफेवाल्याने हंगाम सांभाळावा. खरंच सोडायचा असेल तरच पुढच्या नावाला द्या.

दुसऱ्याच्या वाफ्यातून न विचारता तोडायचं नाही, विषारी फवारणी करायची नाही, रबरी पाइप वापरून झाला की गुंडाळायचा. खताच्या हौदात शिजवलेलं अन्न नको, उंदीर येतात. ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठेवला, ओल्या हिरव्या कचऱ्यात भरपूर वाळका पालापाचोळा मिसळला आणि अधूनमधून चाळवला तर आत ५५ ते ६५ अंश उष्णता धरते आणि दुर्गंधी येत नाही. हौदाची जबाबदारी 'सगळ्यांची' ठेवली की ती कुणाचीच राहत नाही. दर महिन्याला दोन नावं पाटीवर लिहा.

घरं उभी राहीपर्यंत

परवानग्या आणि बांधकामात दोन-तीन वर्षं जातात. हा काळ हातचा घालवू नका. ज्यांना घरं मिळणार आहेत त्यांना आधीच बोलवा आणि कुंपणाच्या आतल्या जागेत खताचे ढीग सुरू करा, हिरवळीचं खत पेरा. सामायिक भागातली फळझाडं मात्र जमिनीचा कागद हातात आला की पहिल्याच पावसाळ्यात, नाहीतर गारव्याच्या हंगामात लावून टाका. झाडाला फळ धरायला इमारतीपेक्षा जास्त वेळ लागतो. कुटुंबं किल्ल्या घेऊन आत येतील त्या दिवशी त्यांची शेजाऱ्यांशी दोन वर्षांची ओळख झालेली असेल, माती मऊ असेल, आणि मुलांना चढायला अजून बारीक असली तरी झाडं त्यांच्या डोक्यावर गेलेली असतील.